वाकळीच्या आतले दोन हात

घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढायची, ही आईची रीत पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही सुटलेली नाही. गावी असताना वाकळा बैलगाडीत घालून नदीवर न्यायच्या, दगडावर आपटायच्या, वाळूत पसरायच्या. इथे गच्ची आहे आणि दोन बादल्या. यंदा त्या ढिगात आजीची वाकळ होती. आजीला जाऊन वर्ष होऊन गेलं, मामानं तिची पेटी रिकामी करताना ही आईला दिली. भिजवायच्या आधी आईनं उचलून पाहिली तर टाके जागोजागी निघालेले, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. ‘अशीच पाण्यात घातली तर चिंध्या होतील,’ म्हणाली, आणि चष्मा लावून टाके उसवायला बसली. मी शेजारी बसून सुटलेले दोरे गोळा करत होते. वरचा थर आजीच्या हिरव्या इरकली लुगड्याचा. त्याखाली आजोबांच्या धोतराचे तुकडे, मग मावशीच्या परकराचा लालभडक घेर, इतकी वर्षं अंधारात राहून अगदी नव्यासारखा. आणि सगळ्यांच्या मध्ये एक जाड, मांजरपाटासारखं कापड. आईनं ते सोडवून उलटलं तर त्यावर निळे-तांबडे रंग. विटलेले, पण ओळखू येणारे. एक ढाल, ढालीवर पट्टे आणि चांदण्या, आणि त्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात.

खाली इंग्रजी अक्षरं होती, निम्मी धुऊन गेलेली. जुळवत जुळवत वाचली. अमेरिकेच्या लोकांनी दिलेलं आहे, विकायचं नाही, बदल्यात द्यायचं नाही, असा मजकूर. मी तो आईला मोठ्यानं मराठीत सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि कापड पुन्हा पालथं घातलं. मला मात्र काहीतरी सापडल्याचा आनंद झाला होता. याची चौकट करून भिंतीवर लावू, निदान फोटो तरी टाकू, असं म्हणत मी फोन काढला. आईनं हात आडवा धरला. ‘लोकांना दाखवायची गोष्ट आहे का ती? बाईनं आत घातलं होतं ना? आतच राहू दे.’ आई तिच्या आईला बाई म्हणायची. आवाज चढलेला नव्हता, पण पुढे काही बोलायला जागाही नव्हती.

फोटो मी काढला नाही. कापड पालथं घालणारा तिचा हात मात्र डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी चहा घेताना ती आपणहून बोलायला लागली, ते त्या कापडावर नाही, दुधावर. जामखेडच्या बाजूला त्यांचं गाव, शाळा मारुतीच्या देवळाला लागून. शाळेत केअर या अमेरिकी मदतसंस्थेच्या दुधाची भुकटी यायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात भुकटी सोडायची, गुठळ्या व्हायच्या, आणि त्या गुठळ्यांवरून मुलांची भांडणं लागायची. त्या दुधाला जळकट वास असायचा, काही मुलं नाक दाबून प्यायची. आईला ते दूध नको असायचं, तिला हवी असायची कोरडी भुकटी. मास्तरांची पाठ फिरली की तळहातावर घ्यायची, जिभेनं चाटायची. ‘टाळूला अशी चिकटायची की संध्याकाळपर्यंत गोड लागायचं,’ सांगताना तिनं नकळत तळहात तोंडाजवळ नेला. पासष्टीच्या उंबरठ्यावरची बाई क्षणभर सहा-सात वर्षांची झाली. पिवळसर दलियाचा सांजाही असायचा. तो शिजवायला गावातल्या दोन बायका होत्या, त्यातली एक आजी. रिकाम्या झालेल्या पिशव्या मास्तर शिजवणाऱ्या बायकांना देत. जाड सुताच्या, न फाटणाऱ्या. कुणी त्याच्या चड्ड्या शिवल्या, कुणी धान्याला झाकण केलं. त्या भागात त्या काळी पोरांच्या ढुंगणावर हे दोन हात मिरवायचे, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही, असं आई म्हणाली.

‘मग बाईला का वाटलं?’

‘ते नंतर. मिलोच्या वर्षी.’

मिलो हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरला जायचा. लहानपणी मी एकदा ताटात भाकरी टाकली तेव्हा मामा म्हणाला होता, ‘मिलो खाल्ली असती म्हणजे कळलं असतं.’ चुलीपाशी बसलेली आजी चटकन म्हणाली, ‘नाव नगं काढू त्याचं लेकरांपुढं.’ मला तेव्हा ते कुणा माणसाचं नाव वाटलं होतं. बहात्तर सालचा दुष्काळ मराठी वाचकाला सांगायला नको. ज्यांच्या घरात तो येऊन गेला त्यांच्या घरी तो एकेका वस्तूच्या रूपात शिल्लक असतो. कुणाकडे पाझर तलाव, कुणाकडे सुकडीचा वास, कुणाकडे खडी फोडताना डोळ्यात उडालेली कपची. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. त्यातली दोन आमची, आजी आणि आजोबा. कामाचा रोज हातात पडायचा, तो घेऊन रेशनच्या दुकानात जायचं, आणि तिथे जी मिळायची ती ही अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो. आई अकरा वर्षांची होती. पोतं फोडल्यावर येणारा वास तिला अजून आठवतो, बंद गोदामाचा, थोडा औषधासारखा. दाणा लहान, टणक, विटेच्या रंगाचा. दळून आणलं की पीठ हाताला कोरडं लागायचं, विरी गेल्यासारखं. आधणाचं पाणी घालून मळलं तरी थापताना चिरा जायच्या, तव्यावर टाकताना मोडायची, पापुद्रा सुटायचा नाही. आजीची भाकरी म्हणजे गावात नाव होतं, पुरणाच्या पोळीइतकी पातळ. तिच्या हातातून ही जाड, तांबडी, फाटकी भाकरी उतरायची आणि ती खाली मान घालून वाढायची. गावात तेव्हा सगळे म्हणत, अमेरिकेत हे डुकरांना घालतात. आणि तिथे ही ज्वारी जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात, हे खरंही होतं.

पण सगळं गावच लाल भाकरी खात होतं, तिथे लाज कुणाची कुणाला? आईला हे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग मावशीला पाहायला पाहुणे आले होते ती गोष्ट सांगितली. मावशी सोळा वर्षांची. पाहुणे पुण्याकडचे, बागायतदार नव्हेत पण विहिरीला पाणी असलेले. त्यांच्यापुढे लाल भाकरी कशी ठेवायची? आदल्या दिवशी कामावरून आल्यावर आजी पदराखाली शेराचं माप घेऊन गावभर फिरली. एक शेर पांढरी ज्वारी. बहुतेकांकडे नव्हतीच, आणि ज्यांच्याकडे होती ते नाही म्हणाले. शेवटी वरच्या आळीतल्या एका घरानं दिली, पण अंगणात उभं करून, चार माणसांसमोर, ‘परत कधी देशील’ असं विचारून. आजी कधी कुणाच्या दारात मागायला गेली नव्हती. पाहुण्यांना पांढऱ्या भाकरी वाढल्या, पिठलं वाढलं. मावशीचं जमलं. घरातल्यांनी मागच्या खोलीत लाल भाकरी खाल्ली, आणि त्या खोलीचं दार आजीनं लावून घेतलं होतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी तिनं ही वाकळ शिवायला घेतली, मावशीला द्यायची म्हणून. मग दिली नाही. स्वतःच्याच अंगावर घेतली, पन्नास वर्षं. चित्राची बाजू आत, त्यावर मावशीच्या परकराचा थर.

हे ऐकल्यानंतर मी बरेच दिवस त्या काळाबद्दल मिळेल ते वाचत राहिले. १९५४ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीनं झालेला, जादा धान्य सवलतीनं परदेशांना देण्याचा पीएल-४८० नावाचा कायदा, तिथल्या शेतकऱ्यांकडे कोठारं फुटेस्तोवर साठलेला गहू, आपल्याकडचं परकीय चलनाचं दारिद्र्य. ज्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं त्याच १९६०च्या मे महिन्यात आपले स. का. पाटील, तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री, वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ घेण्याच्या करारावर सही करून आले. मग १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे गेले. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, आजी महादेवाचा सोमवार आधीपासूनच धरत होती. १९६६ या एका वर्षात देशात एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून उतरलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. अध्यक्ष जॉन्सन गहू एकदम सोडत नसत, थोडा थोडा, हात राखून सोडत. आपण शेती सुधारावी हा एक आग्रह होता, आणि दिल्ली व्हिएतनामच्या युद्धाबद्दल जे बोलत होती तेही त्यांना खुपत होतं. बंदरात जहाज कधी लागणार याच्याकडे अख्खा देश डोळे लावून बसलेला. हे वाचताना माझ्या पोटात आवळल्यासारखं होत होतं. भुकेल्या माणसाला घास देताना त्याच्या तोंडाकडे नव्हे, तो काय बोलतो याच्याकडे पाहायचं, हे मला आजही क्षमा करता येत नाही. आणि त्याच वेळी हेही दिसतं की तो गहू आला नसता तर किती घरांत दिवा लावायला माणूस उरला नसता. आईच्या वयाची, टाळूला चिकटलेली भुकटी आठवणारी लाखो माणसं या देशात आहेत. त्यांना मी तोंड वर करून ते दूध प्यायला नको होतं असं म्हणू शकत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र मी थांबले. १९७१च्या युद्धाच्या वेळी अमेरिकेनं मदत थांबवली, आणि आपणही सवलतीचं धान्य घेणं बंद केलं. म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तरला जे धान्य बाहेरून आलं ते बहुतांशी आपण रोख मोजून घेतलेलं होतं. आजीनं जी ज्वारी भीक समजून, दार लावून खाल्ली, तिचे पैसे देशानं दिले होते. आणि देशानं कशाला, तिनं स्वतः दिले होते, दिवसभर उन्हात खडी फोडून मिळालेल्या रोजातून, रेशनच्या फळीवर नाणी ठेवून. हे तिला कुणी सांगितलं नाही. पिशवीवरचे हात आणि गोणीतली ज्वारी तिच्या मनात एकच होऊन बसली होती. मीही हे तिला सांगू शकले असते, ती होती तोवर. विचारलंच नाही.

पीएल-४८०च्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत चुकते करायचो आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथेच साठत राहायचे. इतके साठले की फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांचे राजदूत मोयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश लिहून भारत सरकारला परत दिला. त्याच रुपयांतून एक वेगळंच काम झालेलं आहे आणि ते मला फार जवळचं वाटतं. १९६२पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत कचेरी थाटून या पैशातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. मराठीही. कवितासंग्रह, कादंबऱ्या, मासिकं, जे छापून होत होतं ते गठ्ठ्यांनी तिथल्या विद्यापीठांत गेलं. माझी एक मैत्रीण तिकडे संशोधन करते. साठच्या दशकातलं एक मराठी मासिक मी पुण्यातल्या तीन ग्रंथालयांत शोधत होते, एका ठिकाणी वाळवीनं खाल्लेलं, दुसऱ्या ठिकाणी नोंद आहे पण अंक नाही. तिनं दोन दिवसांत तिथल्या कपाटातून त्याची पानं पाठवली. कडक बांधणी, एकही पान सुटलेलं नाही. ती पानं पाहून आनंद झाला, आणि घशाशी काहीतरी अडकलंही. आपल्या गव्हाच्या किमतीतून आपली पुस्तकं परदेशी गेली आणि तिथे नीट सांभाळली गेली.

गावी मामाच्या शेतात वेगळा हिशेब चालू आहे. मामाच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी पडून जाड झालीय, पावसाळ्यात ती फुटते, रात्रभर खाजवतो. गाजर गवत उपटून उपटून झालेलं हे. काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा, बांधावर, पडीक रानात, शाळेच्या मैदानात, पांढऱ्या बारीक फुलांचा नुसता दर्प. अमेरिका खंडातलं हे तण आपल्याकडे पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं, आणि गव्हासोबत आलं असं सगळेच मानतात. पीएल-४८०चा पहिला करार १९५६चा, पण कर्जानं घेतलेला अमेरिकेचा गहू १९५१पासूनच बंदरात उतरत होता. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पुढे त्याला खाणारा भुंगेराही आणला, तोही मेक्सिकोहून, १९८४ मध्ये सोडला. मामाला यातलं काही सांगितलं की तो एवढंच म्हणतो, ‘गहू संपला, गवत राह्यलं.’ त्याच रानात आजोबांनी हायब्रीड ज्वारी पेरली होती. १९६४ साली आलेलं ते पहिलं संकरित वाण, सीएसएच-१. उतारा भरघोस, पण भाकरीला चव नाही आणि पावसात सापडली की कणीस काळं. आमच्याकडे बेचव गोष्टीला, अगदी बेचव माणसालाही, हायब्रीड म्हणतात. त्या वाणाची मादी अमेरिकेतून आणलेली होती, कंबाइन काफिर ६० नावाची, यंत्रानं कापता यावी म्हणून मुद्दाम बुटकी केलेल्या ज्वारीतली. म्हणजे आजी मिलोचं नाव घेऊ देत नव्हती तेव्हा मिलोच्याच नात्यातलं रक्त आमच्या शेतात डोलत होतं.

तीन वर्षांपूर्वी आई माझ्या धाकट्या भावाकडे डॅलसला गेली होती. ऑक्टोबरमध्ये तो तिला टेक्ससच्या उत्तरेला, अमॅरिलोकडे घेऊन निघाला. तासन्‌तास सपाट जमीन, मध्येच एखादं गाव आणि गावापेक्षा उंच धान्याची कोठारं. अचानक आई म्हणाली, ‘गाडी थांबव.’ भावाला वाटलं तिला मळमळतंय. ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर नजर पोचेल तिथपर्यंत लाल कणसं. कमरेला लागणारी. वाऱ्याचा आवाज सोडला तर काही नाही, माणूस नाही, पाखरू राखायला मचाण नाही. भाऊ म्हणाला, ‘इथे याला मायलोच म्हणतात, आई.’ तिनं एक कणीस हातात घेतलं, दाणे चोळून काढले, फुंकले आणि एक तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. भावाला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, ‘एवढीशी ज्वारी. हिला कडबा कुठला? जनावरांनी खायचं काय?’ आमच्याकडे ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते, दाणा माणसाला, कडबा बैलाला, आणि बहात्तरला माणसं तगली तरी जनावरं दावणीला मेली ती कडबा नव्हता म्हणून. हे सगळं त्या वाक्यात होतं आणि भावाला ते कळायला पुणं गाठावं लागलं, मी सांगितलं तेव्हा. त्याच्या घरी बायको ज्वारीचं पीठ आणते, गव्हाचं त्यांच्या मुलीला सोसत नाही. पाकिटावर ज्वारीचं कौतुक छापलेलं असतं. त्या पिठाची आईनं तिथे भाकरी केली. आधणाचं पाणी घालून. नातीनं ती तुपाशी खाल्ली आणि आणखी मागितली.

मी स्वतः हिंजवडीला ज्या कंपनीत आहे तिचं सगळं काम तिकडच्या घड्याळावर चालतं. रात्री दहाला माझी सकाळची बैठक असते. तिथला दिवस उजाडेपर्यंत आपला महिना सुखरूप आहे की नाही ते कळत नाही, अशी वर्षंही मी पाहिली आहेत. तेव्हा, मध्यरात्री फोनकडे डोळे लावून बसलेली असताना, मला बंदराकडे पाहणारी ती माणसं आठवतात. माझ्या मुलीच्या शाळेची फी त्या डॉलरांतून जाते आणि मी ती कृतज्ञतेनंच भरते. पण दार लावून बसण्याची आजीची खोली माझ्याही ओळखीची आहे.

वाकळ धुऊन, वाळवून झाली. रविवारी दुपारी आईनं हॉलमध्ये सतरंजी टाकून सगळे थर पुन्हा एकावर एक मांडले. धोतराचे तुकडे, मग ते जाड कापड, हात असलेली बाजू खाली, त्यावर परकर, वर लुगडं. मी काही बोलले नाही. एका बाजूनं तिनं टाका धरला, दुसऱ्या बाजूनं मी, माझे टाके लांब पडत होते आणि ती ते मुकाट्यानं उसवून पुन्हा घालत होती. जाड कापडाच्या जागी सुई अडायची, अंगुस्तान लावून ढकलावी लागायची. चार दिवस गेले. शेवटचा, उंदरानं खाल्लेला कोपरा उरला. तिथे आईनं नवं ठिगळ लावलं आणि तीन बोटं जाईल एवढी जागा उघडी ठेवून थांबली. वाकळ उपाशी ठेवायची नाही, म्हणाली, बाई प्रत्येक वाकळीच्या शेवटच्या कोपऱ्यात दाणे घालायची. मग आमच्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं की उंदीर नेमका त्याच कोपऱ्यात का शिरला होता.

‘त्या वर्षी बाईनं कोणते घातले असतील?’ मी विचारलं. ‘पांढरे की लाल?’

आई त्या ठिगळावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, डब्यातली मालदांडी ज्वारी घेऊन ये. मी मूठभर आणली. तिनं त्यातले पाच दाणे मोजून आत सोडले, बोटानं खोल सारले, आणि सुईत दोरा ओवून दे म्हणून सुई माझ्यापुढे धरली.